खर्रा आणायला लेकराला पाठवू नका

सहावीचा नवा वर्ग हाती आला की पहिल्या आठवड्यातच मी मुलांना एक प्रश्न विचारते. तंबाखू कोण खातं, असं विचारत नाही. त्याचं खरं उत्तर कुठलं मूल देईल, आणि का द्यावं? मी विचारते, "घरच्या कोणासाठी पानठेल्यावरून खर्रा कोणी कोणी आणलाय?" वर्गातले जवळजवळ सगळे हात वर जातात. कोणी लाजत नाही, कोणी इकडे-तिकडे बघत नाही. दळण आणलं, मीठ आणलं, खर्रा आणला. एखादी मुलगी तर अभिमानाने सांगते, "मॅडम, आमच्या आबाजीला चुना किती लागते, ते मले ठाऊक आहे जी."

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी खर्रा कदाचित पाहिलेला नसेल. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला तो जोरजोरात घोटतो. पन्नी गरम होते, तंबाखूचा वास सुटतो आणि पुडी तयार होते. कारखान्याचं नाव नाही, धोक्याचं चित्र नाही, बनवल्याची तारीख नाही. पश्चिम महाराष्ट्रात याचाच भाऊ मावा म्हणून मिळतो. आमच्याकडे बारशाला खर्रा, मयतीला खर्रा, लग्नाच्या मांडवात ताटलीभर खर्रा, धानाच्या रोवणीला बांधावर खर्रा. रोवणीच्या दिवसांत मजूर मिळवायचे तर मजुरीच्या जोडीला खर्राही द्यावा लागतो, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

या सगळ्यात लेकराचं काम एकच: धावत जाऊन आणणं. माझं म्हणणं आज तेवढ्यापुरतंच आहे. व्यसनमुक्तीच्या नावाने आपण पुष्कळ काही करतो, पण ज्या वाटेने मूल व्यसनापर्यंत पोहोचतं, ती वाट घरातली मोठी माणसं रोज स्वतःच्या हाताने त्याला दाखवतात. ती बंद केल्याशिवाय बाकीच्या कशाचा फारसा उपयोग होत नाही.

खर्रा आणायला गेलेलं मूल काय काय शिकतं ते पाहा. पानठेला कुठे आहे, केव्हा उघडतो, ठेलेवाला काका नाव घेऊन हाक मारतो, उधारी चालते, सुटे पैसे उरले तर सुगंधित सुपारीची पुडी घेता येते. सुपारीला आपण व्यसन मानतच नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी ही एकटीच, तंबाखूशिवायसुद्धा, कर्करोगाला कारणीभूत ठरते असं जाहीर केलं. गावात ती बाळाच्या हातातही देतात. मग एक दिवस पुडी घरी नेताना बोटाला लागलेलं चाटलं जातं. मग एक चिमूट. घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण पुडीतून चिमूटभर गेलं तर काय कळणार? चौदाव्या वर्षी ते मूल स्वतःसाठी खर्रा मागायला जातं, तेव्हा ठेलेवाला विचारतही नाही. पाच वर्षं तेच तर मूल येतंय.

तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचं जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षण २०१९ साली भारतात झालं. त्यात ८.५ टक्के मुलं तेव्हा तंबाखूचं कुठल्या ना कुठल्या रूपात सेवन करत होती. मला त्याहून जास्त हादरवलं ते दुसऱ्या एका आकड्याने. ज्यांनी कधी ना कधी चघळायचा तंबाखू घेतला होता, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी तो पहिल्यांदा घेतला तो वयाची दहा वर्षं पूर्ण होण्याआधी. दहा वर्षांआधी, म्हणजे चौथीच्या आत. आणि आपण व्यसनाच्या दुष्परिणामांवर भाषण ठेवतो ते आठवी-नववी-दहावीला.

भाषणांचे दिवससुद्धा कसे ठरलेत पाहा. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी. तेव्हा विदर्भातल्या शाळांना उन्हाळ्याच्या सुट्या असतात, आमची अर्धी मुलं तेंदूपत्ता तोडायला आईबापांसोबत जंगलात असतात. अमली पदार्थविरोधी दिन २६ जूनला. आमच्याकडच्या शाळा तेव्हा कुठे उघडायच्या बेतात असतात. तरीही अहवाल पाठवायचा असतो, फोटो पाठवायचे असतात, शपथ घेतल्याची नोंद करायची असते. जी मुलं हजर असतात ती हात पुढे करून शपथ घेतात. संध्याकाळी त्याच हाताने आजोबांची पुडी आणतात. यात मुलांनी कुठे खोटेपणा केला? त्यांच्या मनात या दोन गोष्टींचा संबंधच जुळत नाही, कारण आपण तो कधी जोडून दाखवला नाही.

नुसत्या भाषणांचा उपयोग होत नाही, हे जगाने मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा, मुलांना अमली पदार्थांची माहिती द्यायचा, नाही म्हणायला शिकवायचा. तो देशभर पसरला, पालकांना फार आवडला. पुढे एकामागून एक अभ्यास झाले आणि मुलांच्या सेवनावर त्याचा टिकाऊ परिणाम होत नाही, असं निघालं. आइसलँडने वेगळी वाट धरली. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी काय केलं? पालकांनी आपसात लेखी करार केले, मुलांनी रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायचं नाही हा नियम पाळला, गावोगाव खेळाच्या आणि संगीताच्या वर्गांना सरकारी पैसा दिला, आणि दरवर्षी मुलांनाच विचारून काय चाललंय ते मोजलं. तो थंड, श्रीमंत, छोटा देश. त्याची नक्कल आरमोरीत करायची नाही. पण तिथे मोठी माणसं आधी बसली आणि त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले, एवढं तरी घेण्यासारखं आहे.

आणि त्यासाठी इतकं दूर जायची गरजही नाही. आमचा जिल्हा हा दारूविरुद्ध बायाबापड्यांनी लढून दाखवलेला जिल्हा आहे. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली, ती गावोगावच्या लोकांच्या चळवळीमुळे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांची 'सर्च' संस्था त्यात पुढे होती. २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने दारू आणि तंबाखू दोन्हींवर काम चाललंय. बाया पहाटे उठून जंगलात जातात, मोहाचा सडवा शोधतात, ड्रम उलटे करतात. जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत उपचाराची सोय उभी राहिली. बंदी कागदावर आहे, दारू तर मिळतेच, असं शहरातले लोक हसून म्हणतात. मिळते, खरं आहे. वैनगंगेच्या पुलापलीकडे ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. तिथे २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. पूल ओलांडला की दुकान. पण माझ्या गावात भर चौकात दारूच्या दुकानाची पाटी नाही, शाळेतून घरी जाताना मुलांना बाटल्यांची रांग दिसत नाही, आणि दारू पिऊन आलेला माणूस लपत-छपत येतो. लपावं लागणं ही लहान गोष्ट नाही. मुलाला त्यातून कळतं की हे गावाला मान्य नाही.

खर्ऱ्याला मात्र कोणी लपत नाही. तो गावाला मान्य आहे. शिक्षकांच्या बैठकीत पुडी फिरते. ग्रामपंचायतीत फिरते. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्याच्या खिशात ती मी पाहिली आहे. दारूवर बोलताना आवाज चढवणारी बाई घरी जाऊन दातांवर तंबाखूची मिश्री घासते, आणि तिची पाच वर्षांची नात समोर बसून तेच करून बघते. आपण दारूला व्यसन म्हणतो आणि तंबाखूला सवय.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाबांचा खर्रा आणायचं काम त्याचं. मी मुलगी म्हणून मला पानठेल्यावर पाठवत नसत, एवढाच आमच्या दोघांतला फरक. घर एकच, शाळा एकच, आई एकच. तो दहावीत असताना स्वतःचा खर्रा खायला लागला. तिशीनंतर त्याला तिखट सोसेना, जेवताना डोळ्यांत पाणी यायचं. मग तोंड उघडेना. डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, दोनच गेली. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, लवचीकपणा जातो, आणि एकदा गेलेला तो सहसा परत येत नाही. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. भावाला झाला. नागपूरला उपचार झाले, जबड्याचा भाग काढला. तो आज नाही. बाबा अजून आहेत. नातवंडांना ते पानठेल्यावर पाठवत नाहीत, स्वतःच हळूहळू चालत जातात. त्यांना बोलून दाखवण्याची मला कधी गरज वाटली नाही.

ही तीन बोटांची चाचणी मी आता वर्गात घेते. त्याला डॉक्टर लागत नाही, यंत्र लागत नाही. मुलं हसत-खेळत करतात. ज्याची तीन बोटं जात नाहीत, त्याला मी सगळ्यांसमोर काही बोलत नाही. नंतर घरी जाते आणि आईला म्हणते, दाताच्या डॉक्टरकडे दाखवून या. सहावी-सातवीच्या मुलांची बोटं अडताना मी पाहिली आहेत. बारा वर्षांचं लेकरू! त्याच्या आईला मी काय सांगू, की दहावीला आला की आम्ही त्याला व्यसनाचे दुष्परिणाम शिकवणार आहोत?

कायदा आहे का? दोन-दोन आहेत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत कोणालाच विकता येत नाही. दंड दोनशे रुपयांपर्यंत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पहिला कायदा इतका हलका की ठेलेवाला सकाळच्या विक्रीतून दंड फेडेल. दुसरा इतका जड की आपल्याच गल्लीतल्या माणसावर तो लावायला कोणी पुढे येत नाही. तो ठेलेवाला कोणाचा तरी मामेभाऊ असतो, कोणाचा तरी भाडेकरू असतो, पायाने अधू असतो म्हणून ठेला टाकलेला असतो. मग दोन्ही कायदे पुस्तकात राहतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवरही आली. आमच्या ठेल्यावर तो सुगंधित तंबाखू येतो कुठून, हे मला जितकं ठाऊक आहे तितकंच ते रोखणाऱ्या सरकारी लोकांनाही ठाऊक असावं.

शहरातल्या वाचकांना वाटेल, हा खर्ऱ्याचा प्रश्न तिकडच्या जंगलपट्टीतला. आमच्याकडे प्रश्न एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा. तो आहेच. २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना सापडला, २०२४ च्या फेब्रुवारीत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत. रसायनशास्त्र शिकलेली आपलीच मराठी पोरं यात सापडली, याची मला शिक्षक म्हणून लाज वाटते. मालेगावात झोपेच्या गोळ्या 'कुत्ता गोळी' म्हणून विकल्या जातात. रेल्वे स्थानकांवरची मुलं रुमालात सोल्युशन ओतून हुंगतात. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात असं हुंगून नशा करण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं, आणि तसा तो एकच प्रकार होता. कारण साधं आहे: ते सायकलच्या दुकानात मिळतं, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, आणि ते आणायला मुलालाच पाठवतात.

पण शहरातल्या चांगल्या सुशिक्षित घरात रविवारी दुपारी काय चालतं? बाबांचे मित्र आलेत. "बेटा, फ्रीजमधून बर्फ आण. जरा चकण्याला शेंगदाणे काढ." सात-आठ वर्षांचं मूल ट्रे धरून उभं. त्याच्या हाताला ग्लासाची सवय होते, नाकाला वासाची, आणि मनात एक खूणगाठ बसते की आनंद साजरा करायचा म्हणजे हे लागतं. मोठ्या माणसांचा वेळ आणि कौतुक मिळवायचं असेल तर या टेबलाभोवती असावं लागतं. बर्फ आणणं आणि खर्रा आणणं यांत मला काही फरक दिसत नाही. पुण्यातल्या त्या घराने आमच्या आबाजीला अडाणी म्हणू नये.

सरकारचंही वागणं त्याच वळणाचं. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. किराणा आणायला आई मुलाला घेऊन जाते, तिथेच वाइनचं कपाट. लोकांचा विरोध झाला आणि ते काम पुढे सरकलं नाही, बरं झालं. त्याच दिवशी पुण्यात डॉ. अनिल अवचट गेले. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनात अडकलेल्या मुलांवर त्यांनी लिहिलं, आणि १९८६ साली त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाचं बळ दिलं. मुक्तांगणने एक गोष्ट आपल्याला शिकवली जी गावागावात पोहोचायला हवी होती: व्यसनी माणसासोबत त्याच्या घरच्यांशीही बोलायचं. बायकांचा गट त्यांनी केला, 'सहचरी' त्याचं नाव. घर बदलल्याशिवाय माणूस टिकत नाही, हे डॉ. सुनंदाताईंनी ओळखलं होतं. आपण ते उपचारापुरतं मानलं. मूल बिघडण्याच्या आधी घराशी बोलावं, हे काही आपल्याला सुचलं नाही.

घरांशी बोलायचं म्हणजे कसं, हे मी थोडं सांगते, कारण शाळेतल्या पालकसभांत ते होत नाही. पालकसभेला आया येतात, बाप येत नाहीत. म्हणून मी रोवणी संपल्यावर, श्रावणात, जेव्हा बाप ओसरीवर बसलेले सापडतात, तेव्हा जाते. तंबाखू सोडा असं पहिल्या भेटीत कधीच म्हणत नाही. पन्नास वर्षांचा माणूस, विशीपासूनची सवय, पोटात अन्न कमी आणि दिवसभर चिखलात वाकून काम. त्याला माझ्या एका वाक्याने ते सुटणार आहे का? तसं म्हटलं की तो मान हलवतो आणि पुढच्या वेळी मला बघून आत जातो. मी एवढंच मागते: तुम्ही खा, पण स्वतः जाऊन आणा. पोराला पाठवू नका. त्याच्यासमोर घोटू नका. यावर आजवर कुठल्याच बापाने मला नाही म्हटलेलं नाही. पोराला ही सवय लागावी असं कोणालाच वाटत नसतं. एकाने तर विचारलं, "मॅडम, हे आधी कोणी काहून नाही सांगितलं जी?" मग गंमत अशी होते की दरवेळी स्वतः उठून जावं लागतं म्हणून काहींचं खाणंही कमी होतं. तो वरचा लाभ.

मुलांशी बोलताना मी कर्करोगाचे फोटो दाखवत नाही. दहा वर्षांच्या मुलाला पन्नाशीचं भय वाटत नाही, आणि ज्याच्या घरात कोणी खातं ते मूल रात्रभर आपल्या बापाच्या जबड्याचा विचार करत जागं राहतं. त्यापेक्षा मी त्यांना मोजायला लावते. "मॅडम, सगळेच तर खातेत जी," असं प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी म्हणतं. चिठ्ठ्या वाटते, नाव न लिहिता खरं लिहायला सांगते, आणि फळ्यावर त्यांच्यासमोरच मोजते. दरवर्षी न खाणारेच जास्त निघतात, फार जास्त. वर्गात शांतता पसरते, कारण जो खात नाही त्याला आजवर वाटत असतं की तो एकटाच आहे. मग गणित: वीस-तीस रुपयांची पुडी, रोजच्या किती, वर्षाचे किती. पाचवीची मुलंसुद्धा हा गुणाकार करतात आणि उत्तर घरी नेऊन सांगतात. कधी कधी त्या उत्तरात सायकल येते, कधी शिलाई मशीन.

नाही कसं म्हणायचं, याचा सरावही घेते, आणि त्यात सगळ्यात अवघड पात्र मित्राचं नसतं, काकाचं असतं. मित्राला नाही म्हणता येतं. "जा रे, माझी पुडी आण" म्हणणाऱ्या काकाला लेकरू नाही कसं म्हणेल? त्याला उलट उत्तर द्यायला शिकवणं मला पटत नाही आणि ते आमच्या गावात चालणारही नाही. हे ओझं मुलाच्या खांद्यावर टाकायचंच का? ते ओझं काकाचं आहे, ठेलेवाल्याचं आहे, गावाचं आहे.

एक गोष्ट मी फार तळमळीने सांगते, विशेषतः ज्या घरात मूल आधीच अडकलंय त्यांना. मारू नका, आणि लपवू नका. पुडी सापडली की बाप पट्टा काढतो, आणि एमडी सापडली की चांगल्या घरातले आईबाप पोलिसांच्या आणि बदनामीच्या भीतीने वर्षभर गप्प बसतात. अमली पदार्थ कायद्यात ६४-अ हे कलम आहे: केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे किती पालकांना ठाऊक आहे? १४४४६ हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, तो शाळेच्या भिंतीवर का नाही? केंद्र सरकारच्या २०१९ च्या त्याच देशव्यापी सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. सदतीस जणांची मुलं कुठल्या तरी वर्गात बसलेली असतात. पेंगणारं, गृहपाठ न आणणारं, मधल्या सुट्टीत घरी धावत जाऊन आई ठीक आहे ना बघून येणारं मूल मला ओळखता येतं. त्या मुलाला व्यसनविरोधी शपथ देणं क्रूरपणाचं आहे. त्याला शाळा सुटल्यावर बसायला जागा हवी असते.

संध्याकाळचा हा प्रश्न मोठा आहे. धान कापणी झाली की आमच्याकडचे कितीतरी आईबाप तेलंगणात मिरची तोडायला जातात, दोन-दोन महिने. मुलं आजी-आजोबांकडे. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ मोकळा, आणि गावात रात्री दिवा लागलेली जागा एकच, पानठेला. तिथे कॅरम असतो, मोबाइल चार्ज होतो, मोठी पोरं बसलेली असतात. मुलं खर्ऱ्यासाठी जात नाहीत, सोबतीसाठी जातात. समाजमंदिराची चावी सरपंचाकडे असते आणि ते निवडणुकीला उघडतं. ती चावी दोन तरुण पोरांकडे द्या, एक व्हॉलीबॉलचं नेट, एक दिवा, चार पुस्तकं ठेवा. वित्त आयोगाच्या पैशातून गटारं होतात, पेव्हर ब्लॉक होतात. मुलांच्या संध्याकाळींसाठी त्यातले थोडे पैसे काढता येतील, पण ग्रामसभेत ते मागतं कोण?

आमचा भाग अनुसूचित क्षेत्राला लागून आहे, आणि तिथल्या गावांच्या हाती तर १९९६ च्या पेसा कायद्याने मोठं बळ दिलंय: मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालणं किंवा नियमन करणं हा ग्रामसभेचा अधिकार. मोहाच्या दारूचं तिथे देवकार्यात स्थान आहे आणि ते ठेवायचं की कसं, हे त्या गावांनीच ठरवावं. बाहेरच्या मास्तरणीने त्यात बोलू नये. पण बाजारातल्या पुडीला कुठल्याच देवाने मागितलेलं नाही.

मला माझ्या गावच्या ग्रामसभेकडून एकच ठराव हवा होता आणि तो आम्ही मांडला. अठरा वर्षांखालच्या कोणालाही, घरच्या मोठ्या माणसासाठी म्हणून मागितलं तरी, ठेल्यावर खर्रा, बिडी, तंबाखू, सुपारी द्यायची नाही. आणि गावातल्या कोणीही कुठल्याही मुलाला ते आणायला पाठवायचं नाही. दंड ठेवला नाही. दोन्ही ठेलेवाले सभेत होते, आणि दोघांनाही हे सोपं वाटलं, कारण मुलाला परत पाठवताना आता त्यांना म्हणता येतं की गावाने ठरवलंय. वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. एक म्हातारी उठली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, ती स्वतः काठीवर, घरात तेवढी एक नऊ वर्षांची नात. "मंग त्याहिले कोण आणून देईन जी?" ती म्हणाली. बरीच चर्चा झाली. त्याला सोडायला लावा म्हणणारेही निघाले. शेवटी तिच्या शेजारचा एक तरुण म्हणाला, शेतावरून येताना मी देत जाईन, नातीला पाठवू नका. ते लिहून घेतलं, आणि ठरावाला सचिवांनी पुढची ओळ जोडली: ज्यांच्या घरी दुसरं मोठं माणूस नाही, त्यांची सोय शेजाऱ्यांनी करायची.